‘सर्व्हर डाऊन’च्या मागे न जुळलेल्या आवृत्त्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रांगेत तासभर उभे राहून खिडकीशी पोहोचल्यावर ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य ऐकले नाही असा माणूस आज महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे. ऐकणाऱ्याला वाटते, यंत्र बिघडले असेल, वीज गेली असेल किंवा इंटरनेट बंद पडले असेल, आणि पुष्कळदा तसे असतेही. परंतु संगणक प्रणालींच्या देखभालीत माझी सव्वीस वर्षे गेली आहेत, आणि त्या अनुभवावरून मी सांगू शकतो की या वाक्यामागे अनेकदा एक वेगळेच कारण असते. आधीपासून चालू असलेल्या प्रणालीशेजारी नवा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर आणून बसवला जातो आणि त्याची आवृत्ती जुन्या आवृत्त्यांशी जुळते का, हे कोणी आधी तपासलेलेच नसते. या विषयाची चर्चा संचालक मंडळाच्या बैठकीत होत नाही आणि निविदेच्या कागदांतही होत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. खिडकीपलीकडच्या लिपिकाच्या पडद्यावर जे दिसते आणि आत डेटाबेसमध्ये जी नोंद होते, त्या दोहोंच्या मधले सगळे काम अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर करतो. टॉमकॅट, वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस ही त्यांतली परिचित नावे. हा सर्व्हर एकटा चालत नाही. त्याच्या खाली जावा, म्हणजे त्याचा प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिलेला असतो ती भाषा आणि तो चालवणारी यंत्रणा, असते, तिच्या खाली विंडोज किंवा लिनक्स, वर संस्थेचे स्वतःचे सॉफ्टवेअर, आणि बाजूला डेटाबेसशी बोलणारा ड्रायव्हर. यांतला प्रत्येक घटक वेगळ्या लोकांनी बनवलेला असतो आणि प्रत्येकाच्या नव्या आवृत्तीचे वेळापत्रक वेगळे असते. एक घटक बदलला की बाकीच्यांनी तो मान्य करावा लागतो. त्यांनी तो केला नाही तर काय होते, हे मी जवळून पाहिले आहे.

तीन वर्षांपूर्वी एका पतसंस्थेने, जिचे नाव मी येथे देणार नाही, सभासदांसाठी मोबाइल अ‍ॅप सुरू करायचे ठरवले. कर्ज आणि ठेवींची जुनी प्रणाली टॉमकॅटच्या ८.५ या आवृत्तीवर आणि जावा ८ वर अनेक वर्षे विनातक्रार चालू होती. अ‍ॅपसाठी कंत्राटदाराने आणलेल्या नव्या सर्व्हरला जावा १७ लागत होती. दोन्ही सर्व्हर एकाच यंत्रावर ठेवायचे होते, कारण चांगले यंत्र एकच होते. शनिवारी संध्याकाळी जावा १७ बसवली गेली आणि संपूर्ण यंत्रासाठी जावाचा मार्ग, म्हणजे जावा कोठून घ्यायची हे सांगणारी नोंद, त्या नव्या आवृत्तीकडे वळवण्यात आला. नवा सर्व्हर सुरू झाला. रात्री यंत्र बंद करून पुन्हा चालू केले तेव्हा जुना सर्व्हरही उठला. लॉगिन झाले, खातेउतारा दिसला, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही त्या खोलीत होतो आणि मीही सोडला.

सोमवारी अकराच्या सुमारास सभासदांच्या हप्त्यांची एक्सएमएल फाइल (एका प्रणालीने दुसरीला माहिती देण्याचा ठरावीक साचा) बँकेकडे पाठवण्यासाठी तयार करायला घेतली आणि प्रणालीने एक क्लास, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, सापडत नसल्याची चूक दाखवली. एक्सएमएल तयार करणारा जॅक्सबी हा भाग जावा ८ मध्ये आतच मिळत असे. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून तो काढून टाकण्यात आला, आणि ज्याला हवा त्याने तो वेगळा जोडून घ्यावा असे ठरले. ही गोष्ट गुप्त नव्हती, जावाच्या निर्मात्यांनी ती आधीच जाहीर केली होती. पण जावा कोणताही क्लास प्रत्यक्ष गरज पडेपर्यंत शोधत नाही, त्यामुळे शनिवार आणि रविवार सर्व काही ठीक दिसत राहिले आणि ज्या दिवशी फाइल लागली त्या दिवशीच उणीव उघडी पडली. केवळ लॉगिन करून पाहणे म्हणजे चाचणी नव्हे, हे मला माहीत होते. तरी त्या रात्री मी ते पुरेशा ठामपणे मांडले नाही, याची खंत मला आजही आहे.

त्याच दिवशी दुसरी तक्रार आली, आणि मराठी माणूस म्हणून ती मला अधिक लागली. ठेवीच्या पावत्यांवर सभासदांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हे छापली जाऊ लागली. ‘शांताबाई’ या नावाच्या जागी ओळीने आठ प्रश्नचिन्हे होती. श, काना, अनुस्वार, त, काना, ब, काना, ई, असे प्रत्येक चिन्ह वेगळे मोजून प्रत्येकाच्या जागी एक. याचे कारण असे की जुना सर्व्हर ज्या बॅच फाइलमधून, म्हणजे आज्ञांच्या यादीतून, सुरू होत असे तिच्यात अक्षरांसाठी यूटीएफ-८ (देवनागरीसह सर्व लिप्या साठवणारी पद्धत) वापरावे अशी एक ओळ कोणी तरी पूर्वी लिहून ठेवली होती. कंत्राटदाराने सोयीसाठी त्या सर्व्हरची विंडोज सेवा (यंत्राबरोबर आपोआप सुरू होणारा प्रोग्रॅम) करून टाकली, आणि अशी सेवा ती फाइल वाचत नाही. ओळ सुटली, जावाने विंडोजची इंग्रजीसाठीची अक्षरसारणी उचलली, आणि त्या सारणीत देवनागरी नाही. यूटीएफ-८ हेच सर्वत्र मूळ धरायचे, हा निर्णय जावाने मार्च २०२२ मधल्या १८ व्या आवृत्तीत अमलात आणला. १७ मध्ये तो नव्हता. एका आवृत्तीचे अंतर. हातात पावती घेऊन आलेल्या एक वृद्ध ठेवीदार बाई ‘माझं नाव पुसलं का?’ असे विचारत होत्या, आणि त्यांना काय उत्तर द्यावे हे काउंटरवरच्या मुलीला कळत नव्हते.

कारण सापडायला दोन दिवस गेले आणि दुरुस्तीला वीस मिनिटे लागली. एका यंत्रावर दोन जावा सुखाने नांदू शकतात. प्रत्येक सर्व्हरला स्वतःच्या जावाचा मार्ग त्याच्याच मांडणीत लिहून द्यायचा आणि यंत्राच्या सामाईक मार्गाला हात लावायचा नाही, आणि यूटीएफ-८ ची सुटलेली ओळ सेवेच्या मांडणीत लिहायची, एवढेच करायचे होते.

याहून मोठा बदल टॉमकॅटच्या ९ व १० या आवृत्त्यांमध्ये आहे, आणि पुढील काही वर्षे तो आपल्याकडच्या अनेक कार्यालयांना छळणार आहे असे मला वाटते. व्यावसायिक वापराच्या जावाची मानके ऑरॅकल कंपनीने २०१७ मध्ये एक्लिप्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे सोपवण्याचे जाहीर केले, परंतु ‘जावा’ हे नाव ऑरॅकलचे व्यापारचिन्ह असल्याने मानकांना ‘जकार्ता’ हे नवे नाव घ्यावे लागले. (जावा हे बेट आणि जकार्ता हे त्या बेटावरचे शहर, त्यामुळे नाव तरी घरातलेच राहिले.) नाव बदलले एवढ्यावर हे थांबले असते तर बरे झाले असते. मे २०१९ मध्ये स्पष्ट झाले की प्रोग्रॅमच्या आत ‘जावाएक्स’ने सुरू होणारी जी नावे त्या मानकांत होती, त्या नावांखाली यापुढे काहीही बदल करता येणार नाही. म्हणून डिसेंबर २०२० मधल्या जकार्ता ईई ९ या मानकांच्या आवृत्तीत ती सर्व नावे ‘जकार्ता’ने सुरू होऊ लागली. टॉमकॅट ९ जुनी नावे ओळखतो, टॉमकॅट १० नवी. जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा टॉमकॅट १० मध्ये ठेवला तर सर्व्हर निमूटपणे सुरू होतो, पण पाने सापडत नाहीत. सगळीकडे शोधून शब्द बदलून टाकू, हा उपायही भाबडा आहे, कारण ‘जावाएक्स’ने सुरू होणारी सगळीच नावे बदललेली नाहीत, डेटाबेस आणि कूटलेखन यांच्याशी संबंधित जी नावे जावाच्या मूळ गाभ्यात आहेत ती तशीच राहिली. टॉमकॅटच्या लोकांनी रूपांतरासाठी एक विनामूल्य साधन दिले आहे आणि ते चांगले आहे, मात्र संस्थेच्या सॉफ्टवेअरसोबत दहा वर्षांपूर्वी जोडलेल्या इतरांच्या लायब्रऱ्याही (तयार प्रोग्रॅमचे संच) त्यातून न्याव्या लागतात आणि पुन्हा तपासाव्या लागतात.

मोठा आकडा बदलला तरच धोका असतो असेही नाही. एप्रिल २०२१ च्या सुरक्षा अद्यतनात जावा ८ आणि जावा ११ या दोन्हींमध्ये टीएलएस १.० आणि १.१ हे जुने सुरक्षित-संपर्काचे प्रकार बंद करण्यात आले. निर्णय योग्यच होता. पण ज्यांचा एसएमएस पाठवणारा किंवा ईमेलचा जुना सर्व्हर तेवढेच प्रकार जाणत होता, त्यांचे संदेश दुसऱ्या दिवसापासून जाईनात. कागदावर तर आवृत्ती ‘जावा ८’ अशीच होती. डेटाबेसच्या ड्रायव्हरचेही असेच आहे. नव्या डेटाबेससमोर जुना ड्रायव्हर ठेवला की ओळख पटवण्याच्या पहिल्याच पायरीवर दोघांचे बोलणे खुंटते.

मराठीच्या बाबतीत आणखी एक बारकावा सांगण्यासारखा आहे. आकडे आणि तारखा कोणत्या भाषेत कशा लिहायच्या याचे नियम जावा ९ पासून युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या मानकाच्या सीएलडीआर नावाच्या संग्रहातून घेतले जातात. जावा ८ च्या मूळ मांडणीत मराठीचे स्वतंत्र नियम नव्हते, त्यामुळे भाषा मराठी निवडली तरी आकडे इंग्रजीच उमटत. सीएलडीआरमध्ये मराठीचे आकडे देवनागरी आहेत. पावतीवर १,२५० असे दिसावे ही माझीही इच्छा आहे. परंतु तोच आकडा पुढे दुसऱ्या प्रणालीला द्यायच्या फाइलमध्ये गेला, आणि त्या प्रणालीला फक्त इंग्रजी अंक कळत असले, तर ती फाइल परत येते. वाचकासाठी छापायचा आकडा आणि यंत्राला द्यायचा आकडा हे वेगळे ठेवले पाहिजेत. हे काम आवृत्ती बदलण्यापूर्वी करायचे असते, फाइल परत आल्यावर नव्हे.

हे वाचून कोणी असे म्हणेल की मग जुने आहे तेच चालू ठेवावे. या मताशी मी मुळीच सहमत नाही. टॉमकॅट ८.५ चा आधार ३१ मार्च २०२४ रोजी संपला आहे. तो वापरणाऱ्यांना आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या, प्रोग्रॅमच्या कामाच्या नोंदी ठेवणाऱ्या आणि सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या घटकात गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा मागे राहिलेल्यांचे हाल मी पाहिले. नेहमीच्या दुरुस्त्यांना जावा ८ लागत होती. जावा ७ वाल्यांसाठी वेगळी २.१२.२ ही आवृत्ती आणि जावा ६ वाल्यांसाठी २.३.१ ही आवृत्ती स्वतंत्रपणे काढावी लागली. आपल्या यंत्रावर नेमकी कोणती जावा आहे, हेच ज्यांना ठाऊक नव्हते त्यांचे पहिले दिवस ते शोधण्यातच गेले. पुढे जायलाच हवे, आणि जाताना सोबत काय काय आहे हे माहीत हवे.

माझा खरा आक्षेप निविदेतल्या एका शब्दप्रयोगावर आहे: ‘अद्ययावत आवृत्ती पुरवावी’. लहान संस्था असो की मोठे कार्यालय, हे वाक्य एकाच साच्यातून उतरलेले दिसते. पुरवठादार या वाक्याप्रमाणे सर्वांत नवी आवृत्ती आणून देतो, कार्यारंभ आदेशातली अट पूर्ण होते, देयक निघते, आणि ती आवृत्ती जुन्याशी जुळली नाही तर दोष कोणाचा हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. त्याऐवजी निविदा काढण्यापूर्वीच संस्थेने आपल्याकडील प्रत्येक घटकाची आवृत्ती शेवटच्या अंकापर्यंत एका कागदावर लिहावी, तो निविदेला जोडावा, आणि पुरवठादाराने आणायच्या आवृत्तीसमोर त्या त्या उत्पादकाने प्रसिद्ध केलेला सुसंगततेचा तक्ता द्यावा, अशी अट असावी. हे तक्ते कोणालाही पाहता येतात. वेबलॉजिक १२.२.१.४ साठी जावा ८ लागते, १४.१.१ ला ८ किंवा ११ चालते, टॉमकॅट १०.१ ला किमान जावा ११ आणि टॉमकॅट ११ ला किमान जावा १७ लागते. एका बैठकीत पाहून होणारे हे काम आहे.

दुसरी अट रंगीत तालमीची. प्रत्यक्ष प्रणालीची हुबेहूब नक्कल वेगळ्या यंत्रावर उभी करावी, आणि तिच्यावर लॉगिन नव्हे तर महिनाअखेरचे व्याज, बँकेची फाइल, मराठी नावांच्या पावत्या आणि एसएमएस, एवढे तरी करून पाहावे. दुसरे यंत्र परवडत नाही असे लहान संस्था सांगतात. तालमीसाठी कार्यालयातला एखादा बऱ्यापैकी डेस्कटॉप पुरतो, किंवा आठवड्यापुरते भाड्याने घेतलेले आभासी यंत्रही पुरते. तालीम फसली तर मागे कसे यायचे आणि त्याला किती वेळ लागेल, हेही त्याच वेळी घड्याळ लावून पाहावे. ज्या कंत्राटदाराला या दोन अटी जाचक वाटतात त्याला काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या पतसंस्थेचा मी उल्लेख केला तिच्या सर्व्हरच्या खोलीत आता दाराच्या आतल्या बाजूला असा एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर सात ओळी आहेत, प्रत्येक ओळीत घटकाचे नाव, आवृत्ती, बदलल्याची तारीख आणि बदलणाऱ्याची सही. गेल्या महिन्यात डेटाबेसचा ड्रायव्हर बदलण्यापूर्वी तेथील तरुण अभियंत्याने मला दूरध्वनी केला आणि बाकीच्या सहा ओळी वाचून दाखवल्या. तालीम शनिवारी झाली, बदल पुढच्या शनिवारी झाला, आणि सोमवारी खिडकी वेळेवर उघडली.

आपला विश्वासू,
संगणक प्रणालींच्या देखभालीत काम करणारा एक वाचक, पुणे