रविवारच्या बैठकीची आठवण

मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० वाजता नौपाड्यात, नेहमीच्या जागी. विषय ब्रिटिश गणितज्ञ मायकेल अटिया यांचं काम.

टोपॉलॉजी म्हणजे न फाडता, न चिकटवता, नुसतं ताणून-वाकवून न बदलणाऱ्या गुणांचं गणित. मेदूवडा आणि कानाचा कप त्यात एकच (दोघांना एकेक भोक), बटाटेवडा वेगळा, एवढं मागच्या वेळी झालंय. आता पुढे. अटिया आणि इसाडोर सिंगर यांनी १९६३ साली निर्देशांक प्रमेय जाहीर केलं. काही विकलक (बदलाचा दर मांडणाऱ्या) समीकरणांच्या उकलींचा हिशेब (खरं तर दोन संख्यांची वजाबाकी, तोच निर्देशांक) समीकरण न सोडवता, निव्वळ टोपॉलॉजीवरून काढता येतो! त्यात भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकच्या इलेक्ट्रॉनच्या समीकरणाशी नातं निघालं आणि पुढे भौतिकशास्त्रज्ञांनी हे प्रमेय उचलून धरलं. अटिया-सिंगर दोघांना गणितातला २००४ चा आबेल पुरस्कार मिळाला. अटियांकडे गणितातलंच १९६६ चं फील्ड्स पदक होतंच.

माझ्या मते खरी मजा गाठींत आहे. गणितज्ञ व्हॉन जोन्स यांची १९८४ ची गाठींची बहुपदी (गाठी वेगळ्या ओळखायला मदत करणारी बीजगणिती राशी) भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड विटेन यांनी १९८९ मध्ये क्वांटम क्षेत्र सिद्धांतातून, म्हणजे सूक्ष्म कणांच्या भौतिकशास्त्रातून, उलगडली. या बहुपदीचा असा अर्थ लावता येईल का, हा प्रश्न अटियांनीच पुढे ठेवला होता.

म्हणून प्रत्येकाने हातभर सुतळी आणावी. टोकं जोडूनच गाठ तपासायची, बुटाच्या नाडीची गाठ चालणार नाही. नववी-दहावीची मुलं आली तरी चालतील. चहा आहे, कप मात्र घरून.