गिटारवरचे पलटे

लाइपझिग
रविवार, रात्र

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही "जेवलास का, थंडी किती" याच्या पुढे जाऊ देत नाही, म्हणून लिहितोय. मी गिटार शिकतोय. हसू नका. हो, तोच मी, ग्वाल्हेरला लष्करच्या घरी तुम्ही पेटी उघडली की पतंग घेऊन गच्चीवर पळणारा.

पेटीच्या पांढरी एकचा सा धरून सप्तक वर-खाली वाजवतो. सा-रे एका तारेवर, ग-म-प पुढच्या, ध-नी-सां त्याच्या पुढच्या. चार फ्रेटांना (गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) चार बोटं नेमलेली, त्यामुळे रे, प आणि वरचा सां असे तिन्ही करंगळीच्या वाट्याला येतात. आणि करंगळी म्हणजे शेंडेफळ! काम नसलं की हवेत, काम आलं की उशिरा. तिला तारेला लगटून ठेवण्यातच महिना गेला.

सरळ सप्तक वेगात जायला लागलं तेव्हा वाटलं, जमलं. मग मास्तर (पंचविशीतला पोरगा आहे, पण मास्तरच म्हणतो) म्हणाला, ग पासून सुरू कर. बाबा, मला ग सापडेना! सा पासून चालत गेलो तेव्हा भेटला. त्यावर त्याने गुपित सांगावं तसं सांगितलं: तीन-तीन स्वर घे आणि दर वेळी एक पायरी पुढे सरक. सारेग, रेगम, गमप! म्हणजे आपले पलटेच! मी तिथेच तोंडाने धडाधड म्हणून दाखवले. वर ऐटीत सांगितलं की आमच्या ग्वाल्हेरला भातखंड्यांनी 1918 सालीच संगीत महाविद्यालय काढलं, त्यांच्या बिलावल थाटाचे सगळे शुद्ध स्वर म्हणजेच तुझं सी मेजर सप्तक. तो खूश. मग गिटार हातात घेतली आणि दुसऱ्याच घासाला, रेगमला, अडकलो. बराच वेळ कोणी बोललं नाही.

आता मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला साठवर लावतो, एका ठोक्याला एक स्वर. तीनदा बिनचूक गेलं तर चौसष्ट, चुकलं तर परत साठ. दोन आठवडे झाले, बहात्तरच्या पुढे गाडी नाही. रात्री दहानंतर इमारतीत आवाज चालत नाही, म्हणून तारांवर रुमाल टाकून वाजवतो.

एक गंमत मात्र तुम्हाला आवडेल. तुमची काळी एक हवी असेल तर पेटीवर बोटं सगळी बदलावी लागतात. इथे अख्खा पंजा एक फ्रेट पुढे सरकवायचा, बोटांची चाल तीच. पण तुमची जुनी तक्रार इथेही आहे: फ्रेट पेटीसारखेच ठोकून बसवलेले, त्यामुळे ग तानपुऱ्यातल्या ग पेक्षा चढाच लागतो. पूर्वी तुम्ही हे बोलायचात तेव्हा मला तो निव्वळ खडूसपणा वाटायचा.

एक काम करा. पांढरी एकमध्ये तीन-तीनचे आणि चार-चारचे पलटे अगदी सावकाश वाजवून मोबाइलवर पाठवा. मध्ये थांबून मला रागावू नका. आणि तेवढा वेळ आईला मिक्सर लावू देऊ नका, मागच्या वेळी भैरवीत चटणी वाटली गेली होती.

पुण्याला आत्याला हे वाचून दाखवा, पण पतंगाचं गाळून.

आईला सा. न.

तुमचा,
मन्या