पेशीदाते हवेत : सीमाभागातील तरुणांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

रक्ताच्या कर्करोगावर दात्याच्या मूलपेशींचे (नवे रक्त तयार करणाऱ्या पेशींचे) प्रत्यारोपण झाले की घरच्यांना वाटते, सुटलो. खरी जोखीम पुढच्या काही महिन्यांत असते. रुग्णाची जुनी प्रतिकारशक्ती केमोने गेलेली असते, दात्याची अजून रुजायची असते. आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात गुमान पडून असलेला सीएमव्ही हा विषाणू नेमका तेव्हा डोके वर काढतो आणि फुप्फुस, आतडी धरतो. त्यावरच्या गॅन्सिक्लोव्हिरसारख्या औषधाने नव्या रक्तपेशीही घटतात, कधी विषाणू औषधाला दादच देत नाही.

अशा वेळी दात्याच्या रक्तातून तो विषाणू ओळखणाऱ्या टी-पेशी (विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) निवडून रुग्णाला देता येतात. सिएटलच्या डॉक्टरांनी १४ रुग्णांना अशा पेशी दिल्याचा अहवाल १९९५ मध्येच प्रसिद्ध केला. ही सोय सगळीकडे नाही, प्रत्येकाला गुण येतोच असेही नाही. पण दाताच नसेल तर विषयच संपतो.

खानापूर तालुक्यातील एका रुग्ण मुलीला मूलपेशी दिलेल्या तिच्या भावाला या पेशींसाठी बेंगळूरहून दुसऱ्यांदा बोलावणे आले तेव्हा आजी आडवी आली. "एकदा दिलंय की! आता पोराच्या अंगात काय उरणार?" काळजी साहजिक आहे, म्हणून नीट सांगतो. प्लेटलेट देताना असते तसेच हे यंत्र. एका हातातून रक्त जाते, हव्या त्या पेशी पिशवीत राहतात, बाकीचे रक्त दुसऱ्या हातातून परत येते. काही तास पडून राहावे लागते. ओठांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम देतात. तो मुलगा गेला, पेशी देऊन आला आणि कामालाही लागला.

सख्ख्या भावंडाच्या पेशी रुग्णाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. बाकीच्यांना अनोळखी दात्याचाच आधार, आणि तो आपल्याच भागातल्या, आपल्याच समाजातल्या माणसांत सापडण्याची शक्यता जास्त.

म्हणून येत्या रविवारी सकाळी ९ ते दुपारी १ या वेळेत मंडळाच्या सभागृहात नावनोंदणी आहे. १८ ते ५० वयाच्या निरोगी स्त्री-पुरुषांनी यावे. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, सुई नाही. निपाणी, चिकोडीकडच्या तरुणांनीही जरूर यावे. मात्र घरी बोलून, ठरवून या. केमो झाल्यावर दाता मागे फिरला तर रुग्णाला परतीची वाट नसते. आणि दुसऱ्यांदा बोलावणे आले, तर तेव्हाही जा.

वयामुळे नाव देता येत नसेल त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांच्या प्रवास-मुक्काम निधीला हातभार लावावा. रक्कम मंडळाच्या कार्यालयातच द्यावी व पावती घ्यावी.

आपले नम्र,
अध्यक्ष व कार्यकर्ते,
युवक मंडळ, बेळगाव