नोबिताचा नोबी कशाला?

मा. संपादक साहेब,

माझी भाची सुट्टीत आली की दिवसभर डोरेमॉन हे जपानी कार्टून बघते, हिंदीत, त्यात नोबिता नोबिताच आहे आणि शिझुका शिझुकाच, सोलापुरातल्या पोरांचं काही अडत नाही त्यानं. पण २०१४ मध्ये हीच सिरीयल अमेरिकेत गेली तेव्हा नोबिताचा नोबी केला, जियानचा बिग जी, चॉपस्टिक्स जाऊन काटे आले. पोकेमॉनच्या इंग्रजी डबिंगमध्ये तर भाताच्या गोळ्यांना जेली डोनट म्हटलंय, समोर पांढरा भात दिसतोय तरी! आपल्या शेंगाचटणीला कुणी पीनट बटर म्हटलं तर चालेल का?

वन पीस या जपानी कार्टूनच्या इंग्रजी डबिंगमध्ये सांजी या पात्राची सिगारेट काढून लॉलीपॉप दिला, ते एकवेळ समजू शकतो, बघणारी मुलं लहान. पण सेलर मून या जपानी कार्टूनच्या इंग्रजी डबिंगमध्ये एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोघींना कझिन करून टाकलं हे अजिबात पटत नाही, तिथं नुसता शब्द नाही, अख्खं नातंच बदललं.

आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं चालतं, परकं नाव पोरं दोन दिवसात तोंडपाठ करतात. मराठीत डबिंग कराल तेव्हा नावं आणि खाणं तरी आहे तसं ठेवा, एवढीच विनंती.

– एक वाचक, सोलापूर