डॉक्टर, आई पर्वती चढली

आदरणीय डॉक्टर,

रविवारी आई पर्वती चढली. १०३ पायऱ्या, मध्ये तीनदा टेकून. वर पोचल्यावर पदराने घाम पुसत म्हणाली, "डॉक्टरांना कळव." म्हणून हे पत्र. चार लोकांनी वाचावं म्हणून उघडच लिहिते आहे.

आईला फुफ्फुसाचा कॅन्सर झाला, पण तिने जन्मात विडी-सिगारेटला हात लावला नव्हता. लग्नानंतरची वीस वर्षं मात्र चुलीपुढे गेली, आणि तुम्ही नेमकं तेच आधी विचारलंत. तुमच्याकडे येण्यापूर्वी चार महिने ती टीबीच्या गोळ्या घेत होती. थुंकीत जंतू सापडलेच नव्हते, एक्स-रेवरचा डाग पाहून औषध सुरू झालं होतं. ते चार महिने मला अजून सलतात. तुम्ही त्यावर कुणाला नावं ठेवली नाहीत. बायोप्सी आणि कॅन्सर कुठवर पसरलाय ते दाखवणारा पेट (PET) स्कॅन करून घेतलंत आणि रिपोर्टच्या पाठीवर दोन फुफ्फुसं काढून दाखवलीत. उजवीकडे तीन कप्पे, डावीकडे दोन. उजव्या वरच्या कप्प्याभोवती पेनाने गोल केलात. "एवढं काढायचं, शेजारच्या गाठीही. उरलेलं फुफ्फुस पसरून जागा भरतं." तो कागद आईने पोथीत ठेवलाय.

"फुफ्फुस काढून माणूस जगतो का हो?" तिने विचारलं होतं. बाहेर पेशंटची रांग, तरी तुम्ही खुर्ची पुढे ओढून १९३३ सालची हकिकत सांगितलीत. सेंट लुईसच्या एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी कॅन्सरसाठी एका डॉक्टरचं अख्खं डावं फुफ्फुस काढलं. तो पेशंट ग्रॅहॅम यांच्याही मागे जगला. ग्रॅहॅम १९५७ साली फुफ्फुसाच्याच कॅन्सरने गेले; सिगारेटचा या आजाराशी संबंध १९५० साली दाखवणाऱ्यांपैकी ते एक, आणि स्वतः वर्षानुवर्षं ओढणारे. हे सांगताना तुमचा आवाज खाली आला होता.

ऑपरेशननंतर आई छातीतल्या नळीच्या बाटलीकडे बघत पडून असायची. बुडबुडे थांबले की नळी निघणार, एवढंच तिला ठाऊक. राउंडला आलात की तुम्ही आधी वाकून बाटली बघायचात. मग तिच्या कुशीला उशी दाबून धरायचात. "खोका काकू, जोरात. मी धरलंय."

गाठीच्या तपासणीत ईजीएफआर जनुकातला बदल सापडला. धूम्रपान न करणाऱ्या आशियाई बायकांत तो बऱ्याचदा आढळतो, असं तुम्ही समजावलंत. त्यामुळेच तिला आता रोजची एक गोळी मिळते. काढलेल्या गाठीतला तुकडा संशोधनासाठी ठेवू का, हे तुम्ही माझ्याऐवजी तिला विचारलंत. "मला आता त्याचा काय उपयोग? कुणाच्या लेकीला झाला तर घ्या की," म्हणत तिने सही केली. तिचं सातवीपर्यंतचं शिक्षण. आपल्याला कुणी असं काही विचारेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. त्या प्रश्नासाठी तुमचे आभार मानायचे राहून गेले होते.

पुढच्या महिन्यात सीटी स्कॅन घेऊन येतो. तुमची ओपीडी तिसऱ्या मजल्यावर आहे. आई आत्तापासूनच म्हणते, लिफ्ट नको.

तुमच्या पेशंटची मुलगी,
धायरी, पुणे