चेहऱ्याच्या कृतीलाही माप हवे

संपादक महोदय,

मार्च उजाडला की पुरवण्यांमध्ये त्वचेच्या आणि केसांच्या घरगुती उपायांच्या चौकटी दिसू लागतात. वाचकांना त्या आवडतात, कात्रणे कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवली जातात, म्हणूनच हे पत्र. या चौकटींत पदार्थ असतात, माप नसते. ‘लिंबाचा रस आणि बेसन एकत्र करून लावा, वाळल्यावर धुवा,’ एवढेच. रस किती, ठेवायचा किती वेळ, लावून उन्हात जायचे की नाही, कुणी लावू नये, यातले काहीच नसते. पुरणपोळीची कृती छापताना डाळ आणि गूळ वाटीने मोजून सांगितले जातात. चेहऱ्यावर लावायच्या गोष्टीलाही तेवढाच काटेकोरपणा हवा, आणि प्रत्येक चौकटीत माप, वेळ आणि कुणी टाळावे या तीन गोष्टी छापाव्यात, अशी आमची विनंती आहे.

लिंबापासूनच सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त त्रास तेच देते. त्वचेचा वरचा थर किंचित आम्ल असतो, त्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचा अंक, ५ च्या आसपास. लिंबाच्या रसाचा २ ते २.५. या मोजणीत अंक एकाने उतरला म्हणजे आम्लता दहा पट वाढली, त्यामुळे तो रस त्वचेपेक्षा शेकडो पटींनी आम्ल आहे. पण खरा धोका आम्लतेचा नाही, सालीचा आहे. कागदी लिंबाची फोड पिळताना सालीतून तेलाचा बारीक फवारा उडतो, तो बोटांना लागतो आणि रसातही उतरतो. त्यात फ्युरोकौमारिन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले, तर ऊन आणि ती द्रव्ये मिळून त्वचा भाजतात. लाली आणि आग लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी दिसते. कधी फोडही येतात. मग तिथे तपकिरी डाग पडतो आणि तो कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने राहतो. डागाचा आकार नीट पाहिला तर कारण कळते: हनुवटीवरून खाली उतरलेला ओघळ, गालावर थेंबांचे ठिपके, मनगटावर बोटांचे ठसे. मात्र मधे दोन दिवस गेल्यामुळे संशय लिंबावर जात नाही. ‘ऊन बाधले’ म्हणून त्याच डागावर पुन्हा लिंबू चोळले जाते आणि डाग गडद होत जातो.

आंबटच हवे असेल तर ताजे दही घ्यावे. त्यातले लॅक्टिक आम्ल खूपच सौम्य असते. दोन चमचे दही, एक चमचा बारीक बेसन, पाच ते सात मिनिटे, मग साध्या पाण्याने धुवावे. आठवड्यातून एकदा पुरे. खाण्याचा सोडा चेहऱ्यावर कधीच नको. तो उलट टोकाचा, अल्कधर्मी, त्वचेचा संरक्षक थर बिघडवतो. मुरुमावर टूथपेस्टही नको. पुदिन्याच्या अर्काने गार वाटते म्हणून गुण आला असे वाटते, प्रत्यक्षात कातडी सोलपटते आणि मागे काळा ठिपका राहतो. त्याऐवजी औषधाच्या दुकानात मिळणारे २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडचे जेल रात्री अगदी पातळ लावावे. त्याने रंगीत अभ्र्यावर आणि टॉवेलवर पांढरे डाग पडतात, तेव्हा त्या दिवसांत उशीला पांढरा अभ्रा घालावा.

उटण्याबद्दल आम्हाला आपुलकी आहे. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, गुलाबपाकळी यांचा तो वास म्हणजे घरात दिवाळी आल्याची वर्दी. पण बाजारातले उटणे पुष्कळदा जाडसर दळलेले असते. चिमूटभर घेऊन मनगटाच्या आतल्या बाजूला चोळून पाहावे. करकर लागली तर ते अंगाला चालेल, चेहऱ्याला नाही. चेहऱ्यासाठी ते मलमलच्या कापडातून वस्त्रगाळ करावे. दोन चमचे उटण्याला तीन चमचे दूध, त्वचा तेलकट असेल तर गुलाबपाणी. मोठी चूक होते ती पुढे. लेप तडकेपर्यंत वाळवायचा आणि मग कोरडाच चोळून काढायचा, ही सवय जुनी आहे. त्यात लेपाबरोबर त्वचेतला ओलावा जातो आणि बारीक ओरखडे उठतात. कडा वाळू लागल्या पण मधला भाग अजून ओलसर आहे, अशा वेळी, म्हणजे साधारण पाच मिनिटांनी, ओल्या हाताने सैल करून धुवावे. सुटी, विशेषतः भडक पिवळी हळद चेहऱ्याला नको. हळदीने वर्ण बदलत नाही. कशानेच बदलत नाही. डाग फिके होतात, कोरडेपणा जातो, तेलकटपणा आटोक्यात येतो. ‘उजळ’ हा शब्द चौकटींतून काढून टाकावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

कारण त्या शब्दामागे धावत मुली ट्यूबपर्यंत पोहोचतात. मैत्रिणीने सांगितलेल्या मलमाच्या ट्यूबवर बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसले, तर ते स्टेरॉइड आहे. आठवड्याभरात चेहरा नितळ दिसतो. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, मुरुम उसळतात आणि मलम बंद केले की चेहरा लाल होऊन जळजळतो. अशा वेळी एकदम बंदही न करता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत नाही, ती तर घरातच आणू नये. अशा क्रीममध्ये पारा असू शकतो आणि तो त्वचेतून मूत्रपिंडापर्यंत जातो. केरळातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी गोरेपणाची क्रीम वापरणाऱ्या रुग्णांमध्ये मूत्रपिंडाचा विकार नोंदवला आहे.

रोजच्यासाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ती सनस्क्रीन असावी. इथेही गाडी अडते ती मापावर. बहुतेक जणी वाटाण्याएवढे घेतात. पाकिटावरचा एसपीएफ, म्हणजे ऊन अडवण्याचा आकडा, दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देऊन मोजलेला असतो. थर निम्मा झाला की संरक्षण पुष्कळच घटते. सोपे माप असे: तर्जनी आणि मधले बोट यांवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. एवढे चेहरा आणि मान यांना लागते. एकदम लावले तर पांढरट दिसते, म्हणून एका बोटाचे आधी, दोन मिनिटांनी दुसऱ्याचे, न रगडता थापून. घराबाहेर पडण्याआधी पंधरा मिनिटे. एसपीएफ ३० पुरेसा आहे. तो त्वचा भाजणारी सुमारे ९७ टक्के किरणे अडवतो आणि ५० चा ९८ टक्के, तेव्हा महाग घेऊन कमी लावण्यापेक्षा स्वस्त घेऊन पुरते लावावे. पीए+++ ही खूणही पाहावी; ती त्वचा काळवंडवणाऱ्या यूव्हीए किरणांपासूनच्या संरक्षणाची असते. उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. मुंबई-कोकणच्या घामात रुमालाने चेहरा पुसला की सनस्क्रीनही जाते, म्हणून टिपावे, पुसू नये. स्कूटर चालवणाऱ्यांनी हाताची पाठ विसरू नये. गालावर वांग असेल तर रंगाची छटा असलेले, आयर्न ऑक्साइडचे सनस्क्रीन घ्यावे. वांग नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो आणि साधे पारदर्शक सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही.

आता टिकलीबद्दल, कारण तिच्याविषयी कोणतीच चौकट काही सांगत नाही. टिकलीच्या मागच्या गोंदात पुष्कळदा पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचे रसायन असते. काहींच्या त्वचेत ते रंग तयार करणाऱ्या पेशीच मारते. आधी नुसती खाज, मग कपाळाच्या मधोमध टिकलीएवढाच पांढरा डाग. तो झाकायला आणखी मोठी टिकली लावली जाते आणि डाग पसरतो. खाज सुटली त्या दिवसापासून टिकली बंद, हा एकच नियम पाळला तर पुढचे बरेच टळते. बाकीच्यांनी रात्री झोपताना टिकली काढावी, उरलेला गोंद नखाने न खरवडता कापसावर दोन थेंब खोबरेल घेऊन पुसावा आणि आरशाला चिकटवलेली टिकली दहा-दहा दिवस वापरू नये. मेणावर कोरडे कुंकू लावायची जुनी रीत गोंदापुरती सुरक्षित आहे, पण स्वस्त कुंकवातल्या रंगांनी कपाळ काळवंडू शकते. कडेने राखाडी वर्तुळ दिसू लागले की कुंकू बदलावे.

केसांना खोबरेल लावण्याची आपली सवय योग्यच आहे, वेळ तेवढी चुकते. केस पाण्याने फुगतो आणि वाळताना आकसतो, या रोजच्या ओढाताणीत तो कमकुवत होतो. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरतात आणि हे फुगणे कमी करतात. सूर्यफुलाचे तेल किंवा मिनरल ऑइल तसे शिरत नाही. म्हणून तेल न्हाण्यानंतर नव्हे, न्हाण्याआधी तासभर. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन चहाचे चमचे पुरतात आणि ते लांबीला अधिक, टाळूला कमी. कोंडा असेल तर टाळूला तेल मुळीच नको. कोंड्यामागची मॅलॅसेझिया ही बुरशी तेलावरच पोसते. रात्रभर तेल म्हणजे तिला जेवण. त्याला २ टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा, महिनाभर. फेस लगेच धुऊ नये, तीन ते पाच मिनिटे टाळूवर ठेवावा, नाहीतर औषधाला वेळच मिळत नाही. ज्या गावांत बोअरचे जड पाणी आहे, तिथे केस धुऊनही चिकट, राठ लागतात. तिथे शेवटच्या लिटरभर पाण्यात एक चमचा व्हिनेगर घालून ते केसांवरून सोडावे आणि वर तांब्याभर साधे पाणी घ्यावे.

कपड्यांचे एकच सांगतो, कारण पैसे तिथेच वाया जातात. नवी सिल्कची किंवा सिंथेटिक साडी फॉल लावायला देताना सुती फॉल आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्यावा. कोरा फॉल पहिल्या धुण्यात आकसतो, साडी आकसत नाही, आणि काठाला अशा चुण्या पडतात की कितीही इस्त्री फिरवली तरी निऱ्या सरळ पडत नाहीत. ब्लाउजच्या सुती अस्तरालाही हाच नियम. तयार कुर्ता घेताना आधी खांद्याची शिवण पाहावी; ती खांद्याच्या हाडावरच बसली पाहिजे. कंबर आणि लांबी शिंप्याकडून कमी होते, खांदा दुरुस्त करणे फार अवघड.

आणि कोणतीही नवी गोष्ट, स्वयंपाकघरातली असो वा दुकानातली, चेहऱ्याआधी हातावर लावून पाहावी. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर, जेवढा वेळ चेहऱ्यावर ठेवणार तेवढाच वेळ, सलग सात दिवस. केसांचा रंग कानामागे लावून ४८ तास थांबावे, आणि हे दर वेळी, कारण वर्षानुवर्षे चाललेला रंगही एखाद्या दिवशी सोसेनासा होतो. ज्यांना लग्नात किंवा जत्रेत ‘काळी मेंदी’ काढून फोड आले असतील, त्यांनी त्यातल्या पीपीडी (पॅरा-फिनिलीनडायअमीन) या रसायनाचे नाव केसांच्या रंगाच्या पाकिटावर शोधावे. ते दिसले तर ते पाकीट दुकानातच ठेवावे.

आपल्या,
सौंदर्यसेवेचे प्रशिक्षण देणाऱ्या दोन वाचक