दाढी काढायला लावलीत, त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

नौपाड्यातल्या तुमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "पुढच्या वेळी दाढी साफ करून या." घरी गेलो, पण दोन दिवस रेझर हातात घ्यायचा धीर झाला नाही. अठराव्या वर्षापासून दाढी राखली होती ती गालावरचे पिंपल्सचे खड्डे झाकायलाच. दिवाळी पहाटेला ठाण्याच्या तलावपाळीवर सगळे फोटोत असायचे आणि मोबाइल धरायला मी पुढे व्हायचो. कुणाजवळ बोललो तर एकच उत्तर मिळायचं, "पुरुषाला कशाला हवंय चेहऱ्याचं एवढं?" तुम्ही तसं म्हणाला नाहीत. दिव्याखाली दोन बोटांनी गाल ताणून एकेक खड्डा नीट पाहिलात. माझं दुखणं कुणीतरी दुखणं म्हणून पाहतंय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

मी लेझरसाठी पैसे जमवून आलो होतो. आधी एका ठिकाणी पहिल्याच भेटीत सहा सिटिंगचं पॅकेज समोर ठेवलं होतं. तुम्ही मात्र हनुवटीवरचे ताजे पिंपल्स दाखवून म्हणालात, आधी हे थांबू देत, नाहीतर एकीकडे खड्डे भरायचे आणि दुसरीकडे नवे पडायचे. मेडिकलमधून आणून मी जे क्रीम लावत होतो, त्यात स्टेरॉइड आहे हेही ट्यूब वाचून तुम्हीच सांगितलंत. पिंपल्स थांबायला सात महिने गेले. तेव्हा मी मनातून चिडलो होतो, त्याबद्दल माफी मागतो.

सगळे खड्डे एका जातीचे नसतात, हे तुम्ही कागदावर काढून दाखवलंत. सुईच्या टोकासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांच्या तळापर्यंत लेझर नीट पोचत नाही, तिथे तीव्र ॲसिडचा नेमका थेंब. लाटेसारखे दबलेले खड्डे आतल्या तंतूंनी खाली ओढलेले असतात, ते तंतू सुईने सोडवायचे. उरलेल्यांना फ्रॅक्शनल सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर. त्याचे १०,६०० नॅनोमीटरचे किरण त्वचेतल्या पाण्यात शोषले जातात, त्या उष्णतेने चाळणीसारखी बारीक छिद्रं पडतात आणि मधल्या न भाजलेल्या त्वचेच्या आधाराने जखम भरते. आपल्या सावळ्या कातडीवर काळे डाग पडायची भीती असते, म्हणून आधी जबड्याजवळ छोटी टेस्ट घेतलीत आणि मशीनची ताकदही कमीच ठेवलीत.

चार सिटिंग झाली, दर सहा आठवड्यांनी एक. भूल देणारं क्रीम तासभर लावूनही गरम रबर फटकारल्यासारखं व्हायचं. केस जळल्यासारखा वास यायचा. तुमच्या सिस्टर दर वेळी गार हवेची नळी गालावर धरून आकडे मोजायच्या, "झालं हं, अजून दहाच." त्यांनाही माझा नमस्कार सांगा. पाचव्या-सहाव्या दिवशी कॉफीच्या पुडीसारखी खपली झडायची. खाजवायचं नाही, हे मी कसोशीने पाळलं. रबाळ्याला कामावर जाताना टोपी आणि सनस्क्रीन अजूनही सोडलेलं नाही.

"खड्डे पुसले जाणार नाहीत, उथळ होतील," असं तुम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतंत. तसंच झालंय. डाव्या गालावरचे दोन अजून दिसतात. त्वचेला भरीवपणा देणारं नवं कोलेजन तयार व्हायला अजून काही महिने लागतील म्हणालात, तर मी वाट पाहतोय.

परवा आईने जेवायला वाढता वाढता माझ्या गालावरून हात फिरवला. नऊ वर्षांनी. मी मान वळवली नाही.

तुमचा,
कळव्याचा पेशंट